आई, जूनपासून तू भुसावळलाच राहा

पुणे, १८ मे

तीर्थरूप आई आणि नाना यांना
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसलेय. फोनवर मी हा विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते आणि फोन नानांकडे देते. नाना म्हणतात, "तुम्हा दोघींचं काय ते ठरवा." मग नळाला पाणी कधी आलं, कूलरची मोटर बदलली का, एवढं बोलून आपण फोन ठेवतो. म्हणून पत्र. दोघांनी वाचा, आणि आई, तू चष्मा लावून स्वतः वाच. नानांकडून ऐकू नकोस, तुला लागेल असं वाटलं की ते वाक्य गाळतात.

तर सांगते. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा तू पुण्याला यायचं नाहीस. चिऊचं नाव पाळणाघरात घातलंय, जूनचे पैसे भरून झालेत. सोन्याही शाळा सुटल्यावर तिथेच जाईल. मी ऑफिसात कमी तासांसाठी अर्ज केला होता, तो मंजूर झाला; साडेतीनला सुटेन. पगार चौथ्या हिश्श्याने कमी होईल, पण आम्ही दोघांनी वहीत मांडून पाहिलंय. घराचा हप्ता निघतो, मुलांचं सगळं निघतं. गाडी घ्यायचं पुढे ढकललं, एवढंच. तुम्हाला आधी विचारलं नाही याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर आईने त्याच रात्री बॅग भरली असती, हे तुम्हालाही माहीत आहे.

मार्चमधली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. नानांनी साखरेची गोळी घेतली, डबा आंबला होता म्हणून जेवले नाहीत, साखर उतरली, आणि पहाटे शेजारच्या भाभी दूध द्यायला आल्या म्हणून तरी कळलं. सकाळी मी तुला सांगितलं तेव्हा तू चिऊचा वरण-भात कालवत होतीस, आई. कालवतच राहिलीस. तिला भरवलंस, तिचं तोंड पुसलंस, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडलास. मी बाहेर दाराशी उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तू भुसावळला गेल्यावर मी कॅलेंडर घेऊन बसले. चिऊ झाल्यापासून या तीन वर्षांत तुम्ही दोघं एका घरात किती दिवस राहिलात? दिवाळ्या, मे महिने, ते नानांच्या मोतीबिंदूचे दिवस, सगळं धरून दहा महिनेसुद्धा भरत नाहीत. नानांची सगळी नोकरी रेल्वे गार्डाच्या डब्यात गेली. आज बडनेरा, उद्या इगतपुरी, परवा खंडवा, आणि जेवण मुक्कामाच्या रनिंग रूमचं. रिटायरमेंटच्या महिन्यात तू बिडाचा नवा तवा आणला होतास, आता घरची गरम भाकरी खायची म्हणून. पुढच्याच जूनमध्ये तू माझ्याकडे आलीस, आणि नाना मेसच्या डब्यावर राहिले. तुम्ही दोघांनी एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. आता करतेय.

पाळणाघराची काळजी करू नका. एप्रिलपासून मी चिऊला अर्धा-अर्धा दिवस ठेवून पाहिलंय. आपल्या मागच्या गल्लीतच आहे, तळमजल्यावर, म्हणजे जिन्याची भीती नाही. नऊ मुलं आहेत आणि सांभाळायला काकू आणि त्यांच्या मदतीला दोघी. स्वयंपाक तिथेच होतो, सकाळी अकराला कुकरच्या शिट्ट्या मी स्वतः ऐकल्यात. पाणी उकळून गार केलेलं असतं. दुपारी सगळ्यांना सतरंजीवर झोपवतात. पहिले चार दिवस ती रडली, खोटं सांगत नाही. पाचव्या दिवशी मी तुझ्या जुन्या नऊवारीची गोधडी सोबत दिली. काकूंनी "घरची वस्तू नको, बाकीची मुलं मागतात" असं म्हटलं नाही, उलट तिच्या खुंटीला ती अडकवून ठेवली. आता ती गोधडीचं टोक गालाखाली घेऊन झोपते. तुझ्या अंगाचा वास त्याला अजून आहे. मीसुद्धा हुंगून पाहिला.

आता खाण्याचं. हे लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण तीन वर्षं त्या दोघांच्या पोटाची काळजी तू वाहिलीस आणि तुझ्या हाताला नावं ठेवायला मी कोण! पण सोन्याचं रक्त तपासलं ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. त्याच्या वयाला हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर हवं, त्याचं १०.२ आलं. डॉक्टरांनी विचारलं, दूध किती पितो? मी कौतुकाने सांगितलं, तीन पेले. ते म्हणाले, तेच कमी करा. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि पोट मात्र भरतं, मग मूल जेवणाला तोंड फिरवतं. मी चकितच झाले. आपण तर उलट करत होतो, जेवला नाही की "निदान दूध तरी पी". तू एकटी नाही करत होतीस, मीच ऑफिसातून फोन करून तुला सांगायचे. आता सकाळी एक पेला आणि संध्याकाळी थोडं दही. लोहाचं औषध लिंबाच्या सरबताबरोबर देते. नानांच्या बशीतला चहा बंद, नाना, हे तुमच्यासाठी. चहाने लोह अंगी लागत नाही. तुम्ही त्याला दोन घोट देता ते प्रेमाने, मला ठाऊक आहे.

आणि दुसरं त्यांनी सांगितलं ते मला पटायला वेळ लागला. नवीन भाजी मुलाच्या ताटात आठ-दहा, कधी पंधरा वेळा यावी लागते, तेव्हा कुठे ते ती चाखून पाहतं. आपण दोनदा वाढून "याला आवडत नाही" म्हणून सोडून देतो. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. मागे वाटी घेऊन धावायचं नाही, मोबाईल समोर धरायचा नाही. पहिला आठवडा फार जड गेला. तो रात्री नुसती अर्धी पोळी खाऊन उठायचा आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे. तुला फोन लावायला हात जायचा. तुझ्यासारखं गॅलरीतल्या कबुतरांना दाखवत चार घास घालावेत असं वाटायचं. घातले नाहीत.

मग शाळेतली गोष्ट झाली, ती तुम्हाला मुद्दाम सांगायचीय.

यंदा मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. नानांना नियम आवडतात म्हणून सांगते: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. वर्गशिक्षिकांनी नाव सुचवलं तेव्हा मी नाही म्हणणार होते, वेळ कुठे आहे म्हणून. पण गेली दोन वर्षं पालकसभांनाही तूच जात होतीस, आई, गुडघ्याला पट्टा बांधून दोन जिने चढून. या वेळी मी हो म्हटलं. वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घातली, स्नेहसंमेलनात मुलांच्या रांगा लावल्या, आणि पाळीपाळीने पोषण आहार चाखायची जबाबदारी घेतली. टेम्पोतून मोठे डबे येतात. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने खाऊन पाहायचं आणि चव नोंदवहीत लिहून सही करायची. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, वर डाळ किंवा कडधान्य.

त्या दिवशी मटकीची उसळ आणि भात होता. मी चाखलं. मीठ बेताचं, मटकी नीट शिजलेली, तिखट अगदी कमी. सही केली आणि व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहिले. सोन्याला दिसले नव्हते. घरी मटकीचा दाणा दिसला की तो ताट सरकवतो, आठवतं ना? तो रांगेत मांडी घालून बसला, शेजारच्या मुलाशी बोलत बोलत सगळी उसळ खाल्ली आणि पुन्हा ताट पुढे केलं. आई, मला रडू आलं. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, "तिथे कोणी माझ्याकडे बघत नाही."

त्या वाक्यावर मी किती रात्री विचार केलाय. आपण तिघं-चौघं मिळून त्याच्या तोंडाकडे बघत बसत होतो. मायेनेच बघत होतो. पण त्या लेकराला घास गिळायला जागाच उरत नव्हती. आता आम्ही सगळे एकत्र बसतो, आपापलं जेवतो, आणि त्याच्या ताटाकडे मी बघत नाही. निदान तसा प्रयत्न करते. गवार अजून खात नाही. भरीत तीनदा वाढलं, चौथ्यांदा बोटाने चाटून पाहिलं. चिऊचं तर पाळणाघरात बरं चाललंय, सगळी मुलं घेतात म्हणून तीही काकडी घेते.

नाना, मीही वांगं खात नव्हते ना? तुम्ही रात्रपाळी करून यायचात, अंघोळही न करता माझ्याजवळ बसायचात आणि भाकरीचे घास मांडायचात. हा शेगावचा, हा नांदुऱ्याचा, हा मलकापूरचा, बोदवड, वरणगाव, आणि शेवटचा भुसावळचा, गाडी घरी आली. मधल्या कुठल्या घासात वांगं असायचं ते मला कळायचंसुद्धा नाही. तुमच्या हाताला कोळशाचा आणि रेल्वेच्या साबणाचा वास यायचा. परवा मी सोन्याला तसेच घास करून दिले. तो वरणगावला थांबला. "पुढे सिग्नल नाही" म्हणाला. तुम्ही असता तर म्हणाला असतात, लाल असेल तर गाडी हलत नाही. मीही हलवली नाही.

आता दोघांनी मी सांगते ते नीट ऐकायचं.

नाना, गोळी घेतली की जेवण टळता कामा नये. भूक नसेल तरी. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं झालं की आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, बरं नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग जेवायचं. मशीन कपाटात ठेवू नका, देवघराच्या फळीवर ठेवा. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासून घ्या. रेल्वे हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि उपचारासाठीचं उमीद कार्ड पाकिटात नुसतं जपून ठेवायला दिलेलं नाही. दुपारी बारा ते चार स्टेशनवर जाऊन बसायचं नाही. गाड्या संध्याकाळीही येतात. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभं राहू नका, चेहरा दाखवून मोबाईलवर होतो, मी आले की करून देईन.

आई, त्या दुखण्याच्या गोळ्या बंद कर. तुझ्या पर्समध्ये अर्धी पट्टी सापडली तेव्हा मी काही बोलले नव्हते, आता बोलते. तुला साखरही आहे, आणि रोज स्वतःच्या मनाने त्या घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास होतो. गुडघ्याचा एक्स-रे काढ आणि डॉक्टर सांगतील तेच घे. जमिनीवर बसून भाकऱ्या थापायच्या नाहीत, ओट्याशी उंच स्टूल ठेव. गच्चीवर पाण्याच्या बादल्या न्यायच्या नाहीत. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय सोड. आता तर घरात दोघंच आहात. नानांच्या समोर ताट घेऊन बस.

"आता आमची गरज नाही" असं मनात आणलंस तर मला फार लागेल. चिऊ रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर तुझ्या नाकाला हात लावते. सोन्याला खान्देशी बोली फक्त तुझ्याकडून येते, माझी पुण्यात राहून बिघडली. या, पाहिजे तेव्हा या, पण दोघं मिळून या, नानांच्या पासवर, आणि आठ दिवस पाहुण्यांसारखे बसून जेवा. मी वाढीन.

आम्ही २४ तारखेला रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतो. जावईबापूंना चारच दिवसांची सुट्टी मिळाली, मी आणि मुलं आठवडाभर आहोत. बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजत घातली नसशील तर घालू नकोस. घातली असलीस तर पीठ शिजवायला मी येईपर्यंत थांब. गच्चीवर मी घालीन, तू सावलीत खुर्चीवर बसून जाड-पातळ सांग. सोन्याला ते गरम पीठ वाटीत तेल घालून द्यायचंय. वाढायचं, आणि बघायचं नाही.

भाभींना माझा नमस्कार सांगा. त्यांचे उपकार मी आल्यावर त्यांच्या पाया पडून सांगीन.

तुमची,
ताई

ता. क. तवा माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागे गोणपाटात गुंडाळलेला आहे. नाना, स्टुलावर चढू नका, भाभींच्या मुलाला सांगा. गंज आला असेल तर तेल लावून दोन दिवस ठेवा.