आजारी मुलाबद्दल विचारायचे प्रश्न ठरवून द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सहा-सात वर्षांचं मूल. उलट्या होताहेत, पोट दुखतंय, धाप लागलीय. गर्दीच्या ओपीडीत पोटाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया म्हणून औषध लिहून दिलं जातं. रात्री उठून पाणी मागतं का, अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का, वजन उतरलंय का, एवढं विचारलं असतं तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली गेली असती. टाइप १ मधुमेह असा निसटतो आणि मूल कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था), कधी बेशुद्धावस्थेतच, परत येतं. इटलीतल्या पार्मा भागात १९९० च्या दशकात हीच लक्षणं पोस्टर लावून शाळांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोचवली, तेव्हा अशा अवस्थेत येणारी मुलं खूपच कमी झाली.

डॉक्टरांना हे माहीत नसतं असं नाही. पण पहिला अंदाज मनात बसला की पुढचे प्रश्नही त्याच्याच बाजूने विचारले जातात. पोटात दुखतंय म्हणणारा मुलगा लाजेपोटी वृषणाच्या दुखण्याबद्दल बोलत नाही; वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला हातात जेमतेम सहा तास असतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या पद्धतीत दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक आजारी मुलाबाबत धोक्याच्या चार खुणा पाहायच्याच असतात: दूध-पाणी घेता येत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, झटके आले, मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे. तक्रार साध्या सर्दीची असली तरी. ही शिस्त मोठ्या रुग्णालयांत आणि मोठ्या मुलांसाठीही हवी.

त्यात माझ्या मते आणखी तीन प्रश्न सक्तीचे करावेत. आईला : "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" डॉक्टरने स्वतःला : "हे नसेल तर दुसरं काय असू शकतं?" आणि त्याच तक्रारीसाठी मूल परत आलं असेल, तर जुनं निदान बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचारपूस. हा तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मात्र नुसता फॉर्म छापून पाठवू नका. रांग तशीच राहिली तर न विचारताच खुणा केल्या जातील. प्रश्न विचारायला नर्स नेमा, त्यांना प्रशिक्षण द्या आणि चुकलेल्या निदानांचा आढावा कुणालाही शिक्षा न करता दर महिन्याला घ्या. सुरुवात काही निवडक रुग्णालयांपासून केलीत तरी चालेल. पण या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद करा.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ