शिबिर संपल्यावर

शरणपूर रोड, नाशिक

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज नाइट ड्यूटीवरून आल्यावर वाचला. फोन करणार होते, पण फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. चहा घेऊन वाच.

शिबिराच्या शेवटच्या रात्री तू पुन्हा सगळ्यांसमोर उभा राहिलास, पुन्हा प्रभूला समर्पण केलंस, रडलास. आणि सोमवारी सकाळी बेसिनमध्ये रूममेटची खरकटी भांडी पाहून असा ओरडलास की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. आता विचारतोस, "मग माझा विश्वास खरा आहे का?"

पुढच्या शिबिरात उभा राहू नकोस, बसून राहा. मी चेष्टा करत नाही. दर वेळी राग आला की तू पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन नाव नोंदवतोस, जणू मागची नोंद देवाने खोडूनच टाकली. बायबलमधली करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी कशी होती ते आठव. एकमेकांवर खटले भरत होती, गट पाडत होती, प्रभुभोजनाला येऊन काही जण पिऊन झिंगत आणि काही उपाशी राहत. प्रेषित पौल पत्र लिहून त्यांना फैलावर घेतो, पण पत्राच्या सुरुवातीलाच, रागवायच्या आधी, त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो. आधी स्वीकार, मग कानउघाडणी. तू हा क्रम उलटा करून बसला आहेस.

वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरावली, म्हणजे इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंट पाळकांनी शिकवणीसाठी केलेली, १६४७ ची. तिच्यात हा फरक दोन ओळींत सांगितला आहे: देव आपल्याला नीतिमान ठरवतो ती त्याची एकदाच झालेली कृती, पवित्रीकरण, म्हणजे माणसाला पवित्र करत जाणं, हे त्याचं चालू असलेलं काम. त्या कामाने माणूस पापाला अधिकाधिक मरतो आणि नीतीसाठी अधिकाधिक जगतो. त्यातलं "अधिकाधिक" तुझ्यासाठीच आहे. जॉन वेस्लींचे लोक, म्हणजे मेथडिस्ट, म्हणत की याच जन्मात मन पूर्ण प्रेमाने भरू शकतं. इतरांना ते फार धाडसाचं वाटे. १९७० साली नागपूरला वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा या दोन्ही बाजूंचे वारस एकाच बाकावर आले, आणि वाद राहिला पाळकांच्या अभ्यासवर्गापुरता. माझं मत विचारशील तर, हॉस्पिटलात मी पुष्कळ म्हाताऱ्या विश्वासणाऱ्यांची शेवटची आजारपणं पाहिली आहेत. त्यांतल्या सगळ्यात गोड माणसांनी आपण पोहोचलो असं कधी म्हटलं नाही. पौलानेही फिलिप्पैकरांना तेच लिहिलं.

आता आपल्या लोकांविषयी. पवित्र माणूस म्हणजे जो सिनेमा पाहत नाही, बिअर पीत नाही, ज्याची बायको फार दागिने घालत नाही, असं तू लहानपणापासून ऐकलंस. दारूला मी चांगलं म्हणत नाही. तिने मोडलेली घरं मी वॉर्डात रोज पाहते. पण गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली देहाच्या कर्मांची यादी एकदा सावकाश वाच. दारूबाजी तिथे आहेच, पण अर्ध्याहून अधिक यादी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट यांनीच भरली आहे. म्हणजे ज्या गोष्टी आपण सभ्य कपड्यांत, पाठ केलेल्या वचनांसकट करतो त्या. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस मंडळीच्या वार्षिक सभेत टेबल आपटताना तू पाहिला आहेस. त्याला कोणी "भाऊ, तुमच्यासाठी प्रार्थना करू या" म्हणत नाही. इब्री लोकांस पत्रात तर सर्वांबरोबर शांततेने राहणं आणि पवित्रीकरण या दोन्हींसाठी झटायला एकाच वचनात सांगितलं आहे. तेव्हा तुझी लढाई त्या बेसिनपाशीच आहे. शिबिरातलं गाणं चांगलंच होतं, पण तिथे खरकटी भांडी नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला इथे नेहमी आठवतं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या, जन्म १८६८ चा. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी चूल आणि पाणी वेगळंच ठेवलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधली वर्षं त्यांचा झगडा मोठ्या सिद्धांतांशी कमी आणि कोणाच्या हातचं पाणी घ्यायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, याच्याशी जास्त होता. तो एका रात्रीत सुटला नाही. याच बाईंच्या घरात पुढे पोरकी मुलं वाढली. त्यांच्यात देवाचं काम चाललं होतं ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी.

तू म्हणतोस, काही बदलताना दिसत नाही. मामांच्या दिंडोरीच्या बागेत चल. सध्या खरड छाटणी उरकली आहे. द्राक्षं काढून झाल्यावर वेलीवर एकेक डोळा ठेवून बाकी सगळं कापून टाकलंय. बाग नुसती खुंटांची दिसते आणि वर हे ऊन. लहानपणी तू विचारलं होतंस, "मामांनी बाग मारून टाकली का?" या छाटणीचं पीक घेत नाहीत, तरी मामा तिला ऑक्टोबरच्या छाटणीपेक्षा जास्त जपतात. कारण आता फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात, छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, पुढच्या हंगामाचा घड आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, पाणी किंवा नत्र जास्त झालं की पालाच माजतो, आणि ऑक्टोबरात कापल्यावर डोळ्यात घडच नसतो. तेव्हा डोळे फुटायला लावतात ती पेस्ट कितीही लावा, उपयोग नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता छाटतो. मामा तिथे एक टीप जोडतात: "दोनदा छाटतो, ताई, आणि पहिली छाटणी फळाची नसतेच."

तुला राग आला हे तुला आता बोचतं. दोन वर्षांपूर्वी बोचत नव्हतं, तेव्हा तू उलट मलाच समजावून सांगायचास की चूक समोरच्याची कशी होती.

म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" हेही पौलच म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की इच्छा आणि कृती साधून देणारा देवच तुमच्यात आहे. इफिसकरांच्या चौथ्या अध्यायात तो चोराला नुसतं "चोरी सोड" म्हणून थांबत नाही. हातांनी कष्ट कर म्हणजे गरजवंताला द्यायला काही असेल, असं सांगतो. घेणारा हात देणारा व्हायला हवा. हे तुझ्या खोलीत लावून पाहा. ओरडलो नाही, एवढ्याने भागत नाही. एखाद्या दिवशी त्याचीही भांडी घास, बोलून न दाखवता. (बोलून दाखवायचंच असेल तर घासूच नकोस.) आणि दुसऱ्या एखाद्या शांत संध्याकाळी त्याला सरळ सांग की रोज असं चालणार नाही, वाटणी करू. खरं बोलणंही त्याच अध्यायात आहे. गप्प बसून कुढत राहणं म्हणजे सौम्यता नव्हे.

मेसेजच्या शेवटी तू सहज एक वाक्य टाकलंस: साहेबांनी टेस्ट रिपोर्टवर मागची तारीख टाकायला सांगितली आणि तू "बघतो" म्हणालास. भांड्यांसाठी रडलास आणि या गोष्टीला एकच ओळ? आमच्याकडे रात्री दोनच्या राउंडला बीपी न घेताच चार्टवर एकशेवीस-ऐंशी लिहून मोकळं होण्याचा मोह प्रत्येक नर्सला होतो. पेशंट झोपलेला असतो, बहुतेक वेळा आकडा बरोबरही निघतो. तरी दंडाला बीपीचा पट्टा बांधायचाच. त्या आकड्यावर सकाळी डॉक्टर औषध ठरवतात. तुझ्या तारखेवरही कोणीतरी भरवसा ठेवून माल उचलणार आहे. साहेबांशी उद्धट होऊ नकोस. "ज्या दिवशी टेस्ट झाली तीच तारीख टाकतो, उशिराचं कारण शेरा म्हणून लिहितो" एवढंच म्हण. ते चिडतील कदाचित. नोकरीवर आलं तर घर इथे आहे, पप्पांशी मी बोलले आहे, त्यांचंही हेच म्हणणं.

रोजचं वाचन सुटलं असेल तर मोठा नेम धरू नकोस, इफिसकरांचा चौथा अध्याय आठवडाभर वाच. रविवारी तिथल्या मंडळीत जा, प्रभुभोजन चुकवू नकोस. उपासनेत सगळ्यांबरोबर सामान्य पापकबुली म्हणताना ती रिपोर्टवाली गोष्ट मनात येऊ दे. आणि रूममेटची माफी मागितली नसशील तर आजच माग, मेसेजवर नको, समोर.

साहेब काय म्हणाले ते शुक्रवारपर्यंत कळव. पुढच्या महिन्यात आलास तर रिकामे डबे आण, स्वयंपाकघरात एकही उरलेला नाही.

तुझी,
आई