घरभेटींच्या नोंदवहीविषयी मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने तुला सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. पिंपरीच्या तुझ्या ख्रिस्ती मंडळीने सेवाकार्याची जबाबदारी तुझ्यावर सोपवायचे ठरवले आहे आणि होकार देण्यापूर्वी आपल्या बेळगावच्या मंडळीत आठवडाभराचे काम कसे चालते ते तुला सविस्तर हवे आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. माझे मत आधीच सांगून टाकतो. ती जबाबदारी तू अवश्य घे, आणि घेतल्यावर निधी, कार्यक्रम, सभा यांपैकी कशालाही हात घालण्याआधी घरभेटींची नोंदवही हाती घे. मंडळीची बाकी सारी सेवा त्या एका वहीवर उभी असते, असे इतक्या वर्षांनंतर माझे ठाम मत झाले आहे.

आपली वही तू पाहिलेली नाहीस, कारण ती तू गेल्यानंतर सुरू झाली. दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशी ती लाल कापडी पाठीची लांब वही आहे. एका घराला एक पान. वर कुटुंबातील माणसांची नावे, गल्ली, घरात कोणती भाषा बोलतात, आजारी किंवा एकटे कोण आहे. खाली भेटीची तारीख, कोण गेले होते, काय बोलणे झाले आणि पुढे काय करायचे आहे. मराठी घरांची पाने मराठीत आणि कन्नड घरांची कन्नडमध्ये लिहिलेली असतात. एका पानावर मागच्या पावसाळ्यातली नोंद आहे : ‘आजींच्या चष्म्याची काडी मोडली आहे, त्यामुळे शास्त्र वाचता येत नाही, कोणाला सांगितले नाही.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, तीन दिवसांनंतरची तारीख घालून, ‘काडी बसवून दिली’ एवढेच लिहिले आहे. मंडळीच्या वार्षिक अहवालात असल्या गोष्टीला जागा नसते, पण त्या आजी पुन्हा रोज वाचू लागल्या याचे मोल मला कोणत्याही समारंभापेक्षा जास्त वाटते.

ही वही कशी सुरू झाली ते सांगायलाच हवे, कारण त्यातच तुझ्या कामाचे मर्म आहे. बैलहोंगलकडून येऊन उद्यमबागेच्या बाजूला राहिलेले एक कन्नडभाषक कुटुंब मंडळीत नियमित येत असे. त्यांच्या घरी मोठे आजारपण येऊन गेले, तरी त्या सबंध काळात मंडळीतून कोणीही त्यांच्याकडे फिरकले नव्हते. वार्षिक सभेत त्या घरच्या अक्कांनी उभे राहून, आवाज न चढवता, ते सर्वांसमोर बोलून दाखवले. सभेत काही काळ कोणीच बोलेना. मग पास्टर साहेबांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून वाचला. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही नेमकी हीच तक्रार झाली होती. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध केली, आणि तेव्हा प्रेषितांनी मंडळीला आपल्यातून सात जण निवडायला सांगितले. स्तेफन आणि फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत त्या सातांची नावे वाचून दाखवून पास्टर साहेब म्हणाले की ही सारी नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणीचे काम दिले गेले असावे. आपल्यासारख्या सीमाभागातल्या, दोन भाषांत प्रार्थना करणाऱ्या मंडळीसाठी हा अध्याय जणू कालच लिहिलेला आहे. त्याच सभेत वही सुरू करण्याचा ठराव झाला आणि ती त्या अक्कांच्याच स्वाधीन झाली. आजही ती त्यांच्याकडेच असते. पिंपरीत कोणत्या घरांना आपण वगळले गेलो असे वाटते ते आधी शोध आणि वही त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती दे.

हे आपल्या परंपरेलाही धरून आहे. मेथडिस्ट मंडळ्यांत वर्गाची, म्हणजे सभासदांच्या छोट्या गटांची, जी जुनी पद्धत आहे, तिचा आरंभ 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे झाला, आणि तोही एका कर्जामुळे. तेथील सभागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि एकेका पुढाऱ्याने सुमारे बारा जणांच्या घरी जाऊन ती गोळा करावी, असे ठरले. पैशांसाठी घरोघर गेलेल्या या पुढाऱ्यांना कोण कसे जगत आहे, कोण संकटात आहे आणि कोण घसरत चालले आहे हे कळू लागले, तेव्हा मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्या व्यवस्थेतली खरी शक्ती ओळखली. पेनीचे प्रयोजन मागे पडले, भेट मात्र टिकली. आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले आणि 1904 मध्ये ते मेथडिस्टांकडे आले, ही माहिती आपण संडे स्कूलमध्ये पाठ केली होती. पण या पेनीची हकीकत तेव्हा कोणी आपल्याला सांगितली नव्हती, याची मला हळहळ वाटते.

आता आठवड्याविषयी. शनिवारी संध्याकाळी महिला समाजाच्या बहिणी आणि तरुण संघातील दोघे-तिघे मंदिर, म्हणजे आपले चर्च, झाडून घेतात, बाके पुसतात आणि फळ्यावर गीतांचे क्रमांक लावतात. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असेल तर स्वयंपाकघरात वेगळीच लगबग असते. द्राक्षांचा हंगाम असला की काळी द्राक्षे, नसला की तासगावकडचे मनुके आदल्या रात्रीपासून भिजत घातलेले असतात. ते मंद आचेवर उकळून, हाताने कुस्करून, दुहेरी मलमलीतून गाळतात. फडके पिळायचे नाही, रस आपोआप गळू द्यायचा, म्हणजे तो गढूळ होत नाही, असे आपल्या मावशी नव्या मुलींना दर वेळी सांगतात. मग ते छोटे पेले गरम पाण्यातून काढून पालथे घालायचे आणि एकेक पुसून तबकात मांडायचे. या कामात बोलणे आपोआप कमी होते. संघातल्या नव्या मुलांना मी पहिल्यांदा याच कामाला बसवावे असे सुचवतो, कारण पवित्र गोष्टीला हात लावण्यापूर्वी हात कसे धुवावेत हे येथे न शिकवता कळते.

रविवारी आधी संडे स्कूल आणि मग उपासना. पहिला पाठ मराठीत आणि दुसरा कन्नडमध्ये वाचला जातो, गीते दोन्ही भाषांतली असतात, आणि प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत एकाच वेळी म्हणायची असते. बाहेरच्या पाहुण्यांना तो गोंगाट वाटतो. मला मात्र सबंध उपासनेत तीच जागा सर्वांत प्रिय आहे. अर्पणाची मोजणी दोघांनी मिळून करायची आणि आकडा हिशेबाच्या वहीत चढवून सह्या झाल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, हा नियम तूही पहिल्या दिवसापासून कसोशीने पाळ. पैशांबाबत याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

बुधवारी घरोघरी प्रार्थनासभा असते. वडगावात ती असली की शेजारच्या मागांचा खडखडाट चालूच असतो, कारण विणकराला सायंकाळची पाळी सोडून चालत नाही. तेव्हा पेटीचा सूर थोडा चढा धरून आपण गातो. सभेनंतर चहा आणि चुरमुरे देतात, आणि खरे बोलणे तेव्हाच होते. कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीच्या शोधात गेला आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत, कोणाच्या घरी भांडण मिटत नाही, हे सारे चहाच्या वेळी कानावर येते, आणि जे लिहिण्याजोगे असेल तेच वहीत जाते. जे लिहू नये ते कोणते, हे ओळखणे ही या सेवेतली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. अक्का त्याबाबत फार काटेकोर आहेत : घरातले भांडण त्या कधीही लिहीत नाहीत, फक्त ‘लवकर पुन्हा जावे’ एवढीच नोंद ठेवतात.

गुरुवारी आपली माणसे सरकारी दवाखान्यात जातात. तू होतास तेव्हा आपण फळे वाटून आणि प्रार्थना करून परत येत असू. आता ते काम पुष्कळ बदलले आहे. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांना बहुधा मराठीच येते आणि अर्ज, सूचना, औषधांच्या खिडकीवरचे फलक कन्नडमध्ये असतात, त्यामुळे रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाची अर्धी शक्ती कोणत्या रांगेत उभे राहायचे हे विचारण्यातच जाते. म्हणून आपल्या मंडळीतली कन्नड शाळांत शिकलेली मुले-मुली पेन घेऊन तेथे बसतात, अर्ज भरून देतात, रांगेत उभी राहतात आणि डॉक्टरांनी सांगितलेले मराठीत समजावून देतात. कोणाचाही धर्म किंवा जात विचारत नाहीत, आणि कोणी मागितल्याशिवाय खाटेपाशी उपदेश करत नाहीत. प्रार्थना करू का असे विचारतात, नको म्हटले तर पाणी भरून ठेवून पुढे जातात. ज्या भाषेच्या नावाने आपल्या भागात इतकी वर्षे ताण राहिला आहे, तीच भाषा एका कन्नड मुलीने एका मराठी आजोबांसाठी वापरावी, याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाही.

दुःखाच्या प्रसंगांसाठी वेगळी माणसे नेमलेली आहेत. निरोप येताच कोणी पास्टर साहेबांकडे जायचे, कोणी शवपेटीसाठी सुताराकडे, कोणी कबरस्थानात, आणि त्या घरात तीन दिवस चूल कोणी सांभाळायची, हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे शोकाच्या घरी कोणालाही काही मागावे लागत नाही.

वहीची खरी परीक्षा 2019 च्या ऑगस्टमध्ये झाली. तो पाऊस तुला वर्तमानपत्रांतून कळलाच असेल. मलप्रभा आणि घटप्रभा दोन्ही नद्यांना पूर आले, जिल्ह्यात असंख्य घरे पडली आणि आपल्या शहरातल्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले. मंदिराच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात अक्कांनी वही उघडली आणि मातीच्या भिंतींच्या घरांत एकटी राहणारी माणसे कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, लहान बाळ कोणाकडे, हे पानामागून पान वाचून दाखवले. दोघादोघांच्या जोड्या त्या क्रमाने निघाल्या. आपली माणसे सुखरूप मंदिरात आल्यावर त्याच जोड्या शेजारच्या घरांकडे गेल्या, कारण भेटींमुळे शेजारीही ओळखीचे झाले होते. पुढे कित्येक दिवस सभागृहात सर्व धर्मांची कुटुंबे राहिली, आणि भात-सार रांधण्यासाठी गल्लीतल्या इतर बायकाही आपल्या परातींसह आल्या. वही नसती तर मदतीची इच्छा तेवढीच असती, पण आपण त्या रात्री कोणाच्या दारात आधी गेलो असतो, याचा विचार मी अजूनही करतो.

सुगीनंतरचा कापणीचा सण तुला आठवत असेलच. आजही वेदीपुढे नव्या भाताची पोती, रताळी, गुळाच्या ढेपा, कोबीचे गड्डे, पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या असतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. अलीकडे एक चांगली प्रथा पडली आहे. लिलावात चढ्या भावाने घेतलेली वस्तू पुष्कळ जण घरी न नेता परत ठेवतात, आणि ती कोणत्या घरी पोहोचवायची ते वहीवरून ठरते. पैसे मंडळीच्या निधीला मिळतात आणि भात ज्याच्या चुलीला हवा त्याच्याकडे जातो.

तू लिहिले आहेस की शहरात माणसांना वेळ नसतो, लोक दूरदूर राहतात आणि घरी कोणी आलेले काहींना आवडतही नाही. हे सारे मला मान्य आहे. म्हणून सगळ्या घरांचा भार तू एकट्याने घेऊ नकोस. एकाकडे पाच-सहा घरांपेक्षा जास्त देऊ नकोस, ती त्याच्या वाटेवरची असू देत, जाण्यापूर्वी फोन करायला सांग आणि अर्ध्या तासात उठायला सांग. नोकरदारांना रविवारच्या दुपारी जाऊ दे. जो तरुण गाऊ शकत नाही, बोलू शकत नाही, पुढे येत नाही, त्याला आवर्जून हे काम दे. आपल्याकडचे सर्वांत चांगले भेट देणारे असेच अबोल आहेत. आणि पास्टरांनी महिन्यातून एकदा वही पूर्ण वाचावी असा आग्रह धर, नाहीतर ती नुसती नोंद होऊन राहते.

या पत्रासोबत वहीच्या एका कोऱ्या पानाचा नमुना पाठवत आहे. त्यात भाषेचा रकाना काढून टाकू नकोस. तुमच्याकडे मराठीखेरीज तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारी कुटुंबेही असतील, आणि पहिला दुरावा तेथेच पडतो. होकार कळवलास की पहिली वही कोणाच्या हाती दिलीस तेही लिही, म्हणजे मी अक्कांना सांगेन. त्या तुझी चौकशी करत असतात. नव्या वर्षाच्या कराराच्या उपासनेला, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने करतो त्या उपासनेला, जमल्यास सहकुटुंब ये, उतरायला आमच्याकडेच ये. वहिनींना आणि मुलांना सलाम, आईंच्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते कळव.

प्रभूमध्ये तुझा,
बेळगावचा मित्र