मँडरिन मासा लहान पेटीसाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यपेटीवरील लेखासोबत मँडरिन माशाचे छायाचित्र होते आणि खाली ओळ होती, 'शांत स्वभाव, लहान पेटीला योग्य'. त्या ओळीमुळे हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी त्याच्या निळ्या-केशरी नक्षीला भुलून मीही एक आणला. 'टाकाल ते खातो,' असे दुकानदाराने सांगितले होते. पेटीत टाकलेले खाद्य त्याच्या तोंडापुढून तळाशी जाई, पण तो ढुंकूनही पाहत नसे. दिवसभर दगडाच्या फटीफटीतून सरकत काहीतरी टिपू पाही. दुसऱ्या आठवड्यात पोट खपाटीला गेले, तिसऱ्यात तो गेला. रंग शेवटपर्यंत झळाळत होता, त्यामुळे तो उपाशी आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आजही त्याची हळहळ वाटते.

हा मासा पश्चिम पॅसिफिकमधला. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांच्या खाचाखोचांत दडून राहणारा. लांबी जेमतेम ६-७ सेंटीमीटर. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी कडवट, दुर्गंधीयुक्त बुळबुळीत थर. बहुतेक माशांचा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो, याच्या कातडीत मात्र खरोखरचे निळे रंगद्रव्य आहे. तो कोपेपॉडसारखे जिवंत सूक्ष्म जीव दिवसभर एकेक करून टिपतो. नव्या, लहान पेटीत ते पुरतील इतके नसतातच.

दिवस मावळला की नर-मादी एकमेकांना खेटून प्रवाळावरून वर तरंगत येतात, अंडी सोडतात आणि क्षणात पुन्हा फटीत शिरतात. मादी मोठा नर निवडते. गिऱ्हाईकही मोठा, भडक नरच मागते. फिलिपिन्समध्ये हे मासे सुईसारख्या बारीक भाल्यानेही टिपले जातात. मोठे नर असे उचलले गेले, तर मागे राहिलेल्या माद्यांनी काय करायचे?

पेटीत पैदास केलेले, गोठवलेले खाद्य खायला शिकलेले मँडरिनही आता मिळतात. घ्यायचाच असेल तर तसा घ्यावा आणि तो खाताना दुकानातच डोळ्यांनी पाहावा. छायाचित्राखालची ती ओळ पुढील पुरवणीत दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे