मेट्रोचे डबे विकणाऱ्या कंपन्या सरकारकडे काय मागतात, तेही निविदेत लिहून घ्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : पुणे मेट्रोच्या नव्या डब्यांच्या निविदेतील अटी

महोदय,

वनाझ–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या १२.७५ किलोमीटरच्या विस्ताराला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. स्वारगेट–कात्रजला ती आधीच मिळाली होती. मार्ग वाढले की डबे लागणार, आणि एकदा घेतलेला डबा तीस वर्षे रुळांवर राहतो. म्हणून निविदेचा मसुदा पक्का होण्याआधीच हे लिहीत आहोत.

डबे बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हवामानाची काळजी भरभरून असते. पण प्री-बिड बैठकीतल्या (बोली भरण्याआधी कंपन्या शंका आणि हरकती मांडतात त्या बैठकीतल्या) मागण्या वेगळ्याच धर्तीच्या असतात. वीजवापराची चाचणी भरलेल्या गाडीवर न घेता रिकाम्या गाडीवर घ्या, एसीची वीज मोजू नका, हमीपेक्षा जास्त वीज लागल्यास होणाऱ्या दंडाला कमाल मर्यादा ठेवा. एकेक मागणी किरकोळ वाटते. निविदेत बदल करणारे शुद्धिपत्रक निघते आणि अट सैल होते. प्रश्न प्रसिद्ध करताना तो कुणी विचारला हे उघड करायचे नाही, असे कलम बहुतेक निविदांत असते. बोली चालू असताना ते योग्यच आहे, कारण त्याने संगनमत टळते. कंत्राट दिल्यानंतर मात्र नावे झाकून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

सैल अटीची किंमत किती, ते पाहा. समजा तीन डब्यांची गाडी दिवसाला २५० किलोमीटर धावते आणि डब्यामागे दर किलोमीटरला ०.३ युनिट वीज जास्त लागते. दिवसाला २२५ युनिट, वर्षाला सुमारे ८२ हजार, तीस वर्षांत साडेचोवीस लाखांच्या आसपास. ग्रिडच्या विजेला युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका गाडीमागे १,७०० टन होतात.

ब्रेकमधून परत मिळणाऱ्या विजेच्या आकड्यांकडे जास्त बारकाईने पाहायला हवे. मार्गिका १ आणि २ वर २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची (दिशा बदलत राहणाऱ्या विजेची) ओव्हरहेड तार आहे. गाडी थांबताना मोटर जनित्रासारखी चालते आणि दुसऱ्या गाडीला नको असलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून मागे जाऊ शकते. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिकेची यंत्रणा ७५० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची), वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळाची आहे. अशा यंत्रणेत सबस्टेशनमधला साधा डायोड रेक्टिफायर, म्हणजे प्रत्यावर्ती विजेची डीसी करणारे उपकरण, वीज फक्त गाडीकडे सोडते, मागे येऊ देत नाही. जवळपास दुसरी गाडी वेग घेत असेल तरच ब्रेकची वीज कामी येते. नसेल तर तिसऱ्या रुळावरचे व्होल्टेज ९०० च्या दिशेने चढते, गाडीतले नियंत्रण वीज परत पाठवणे थांबवते आणि उरलेली ऊर्जा रेझिस्टरमध्ये किंवा ब्रेक पॅडवर उष्णता होऊन जाते. सकाळच्या गर्दीत, लागोपाठच्या फेऱ्यांत निघालेली टक्केवारी रात्री दहाच्या विरळ फेऱ्यांना लागू पडत नाही. बोलीदाराकडून दोन्ही वेळांचे आकडे स्वतंत्र घ्या. डीसी मार्गावर वीज मागे पाठवणारा इन्व्हर्टर सबस्टेशनमध्ये धरला आहे की नाही, हेही लिहून घ्या.

एसीतल्या वायूचेही तसेच. रेल्वेच्या एसीत सर्रास वापरला जाणारा आर-४०७सी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,७७० पट तापवतो. गाडीच्या कंपनाने नळ्यांचे सांधे ढिले होऊन दहा किलो गळाला, तर ते जवळपास १८ टनांइतके झाले. दर वर्षी किती किलो वायू पुन्हा भरला, याची नोंद देखभाल करारात सक्तीची हवी.

आता मुख्य मागणी. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी कंपन्यांकडून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल घेते; त्यातले सातवे तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याबद्दल आहे. कंपनी कोणत्या दहा प्रमुख उद्योग संघटनांची सदस्य आहे, हे त्यात सांगावेच लागते. पण कोणत्या धोरणाची बाजू घेतली, कोणत्या मार्गाने घेतली, ती माहिती लोकांसाठी खुली आहे का, हा तक्ता ऐच्छिक आहे. शिवाय हा अहवाल बाजारमूल्याने शेअर बाजारात नोंदणीकृत पहिल्या एक हजार कंपन्यांनाच सक्तीचा आहे. परदेशी उत्पादकाची इथली उपकंपनी शेअर बाजारात नसेल तर ती यातून सुटते. मग कार्बन बाजार (उत्सर्जन कपातीच्या प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री) असो, एसीतल्या वायूंची कपात असो की ॲल्युमिनियमवरचे निकष, स्वतः एक बोलायचे आणि संघटनेच्या लेटरहेडवरून दुसरेच मागायचे, ही वाट मोकळी राहते.

म्हणून प्रत्येक बोलीदाराकडून, नोंदणीकृत असो वा नसो, मागच्या तीन वर्षांचा हाच तक्ता प्रतिज्ञापत्रावर घ्या. मूळ कंपनीची आणि सदस्य असलेल्या संघटनांची हवामान धोरणावरची लेखी निवेदने सोबत जोडायला सांगा. याला गुण देऊ नका. मतांवर गुण दिले तर निविदा न्यायालयात अडकेल. माहिती खोटी निघाली तर मात्र चुकीचे प्रतिज्ञापत्र म्हणून बोली बाद व्हावी. कंत्राट दिल्यापासून तीस दिवसांत प्री-बिडचे सगळे प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह संकेतस्थळावर टाका.

वीजवापराची हमी भरलेल्या गाडीची, एसी चालू ठेवून, प्रत्यक्ष मार्गावर मोजलेली असावी. डब्याच्या सांगाड्यातले ॲल्युमिनियम कुठून आले, हेही विचारा. कच्च्या खनिजापासून एक टन धातू गाळायला साधारण १४ हजार युनिट वीज लागते. भंगारातून केलेल्या धातूला एकूण ऊर्जेच्या वीसाव्या भागाइतकीच पुरते.

ही कलमे मूळ मसुद्यातच यावीत. नंतर शुद्धिपत्रकाने घालायला गेलात, तर ती काढून टाकायची मागणी प्री-बिडमध्येच होईल, आणि तीही नाव न सांगता.

आपले,
मेट्रो यंत्रणा आणि ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामातले काही पुणेकर