सई, तुझ्या पळण्यावर भरलेला फॉर्म

प्रिय सई,

आत्ता रात्रीचे सव्वाअकरा झालेत, तारीख ३१ ऑक्टोबर, आणि तू चेहऱ्यावरचा हॅलोविनचा काळा रंग अर्धवट पुसून झोपलीयस, उशीचा अभ्रा उद्या धुवावा लागणार. मी आणि आई खाली लॅपटॉप उघडून बसलो होतो, आई आत्ताच वर गेली. इथे इंग्लंडमध्ये शाळांचे प्रवेश काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, बघते, तिचं पोर्टल बाराला बंद होतं आणि तुझा सेकंडरी स्कूलचा फॉर्म आम्ही दहा मिनिटांपूर्वी बदललाय. कशामुळे बदलला ते लिहून ठेवतो. तू मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी अडतेस त्यामुळे लगेच वाचायची घाई नाही, तीन-चार वर्षांनी वाच, तोपर्यंत मी हीच गोष्ट लोकांना थोडी वेगळी, स्वतःला जरा शहाणं दाखवणारी करून सांगत असेन, तेव्हा हे पुरावा म्हणून राहू दे.

तर ती लांबची शाळा. आपल्यापासून साडेसहा मैल, रिझल्ट उत्तम, इमारत बघून आईला पहिल्या दिवशीच भरून आलं होतं. तिथे घराच्या अंतरावर आपला नंबर लागणं शक्यच नाही, त्यांच्या जागा मैलभराच्या आतच भरतात, आणि त्या मैलात घर घ्यायचं तर आईला आणि मला अजून एक जन्म नोकरी करावी लागेल. मग इयर फाइव्हच्या, म्हणजे तुझ्या गेल्या इयत्तेच्या, उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं की तिथे काही सीट स्पोर्ट्सवर देतात. मी रात्रभर वाचत बसलो. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने ही सोय आहे, एखाद्या शाळेचं खेळ किंवा संगीत-नाटक असं स्पेशलायझेशन असेल तर ती आपल्या इन्टेकच्या जास्तीत जास्त १० टक्के मुलं त्या विषयातल्या ॲप्टिट्यूडवर, म्हणजे अंगच्या क्षमतेवर, घेऊ शकते. म्हणजे ही शाळा १८० मुलं घेते, तर १८. अशा शाळा फार नाहीत, आणि आहेत त्या आपल्या आपल्या पद्धतीने टेस्ट घेतात, सगळ्या देशाची मिळून एक अशी परीक्षा नाही. पण मला त्या रात्री फक्त १८ हा आकडा दिसत होता.

आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पळण्यावर शाळेत घेतात? तिचं आश्चर्य बरोबरच होतं गं, आमच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला हमखास उचललेला तास, मैदानावर आम्ही पावसाळ्यानंतरचं गवत उपटायला जायचो. मला स्वतःला दोन बस स्टॉपच्या वर पळता येत नाही. तू पळतेस हे आम्हाला आलेलं सरप्राइज आहे, आठव्या वर्षी पार्कात कुणाचा तरी कुत्रा मागे लागला आणि त्याचा मालक धापा टाकत येऊन म्हणाला हिला क्लबमध्ये घाला, तिथून सुरुवात.

आता कबुली देतो. मी त्या वाचनाच्या रात्रीपासून तुझ्या पळण्याकडे घराच्या हप्त्यासारखं बघितलं. पूर्वी ट्रॅकवर सोडायला यायचो तेव्हा गाडीत बसून पॉडकास्ट ऐकायचो, मग स्टॉपवॉच घेऊन कडेला उभा राहायला लागलो. तू एकदा विचारलंसही, बाबा हल्ली तुम्ही मोजता का? मी म्हटलं सहज. सहज वगैरे काही नव्हतं, मला साडेसहा मैल दिसत होते.

त्यात दोन फॉर्मची गंमत. जूनमध्ये शाळेचा सप्लिमेंटरी, म्हणजे जादाचा, फॉर्म थेट शाळेला पाठवला, टेस्टला नाव नोंदवलं, आणि मी निर्धास्त झालो. आईने विचारलं की काउन्सिलचा फॉर्म वेगळा असतो ना? असतो. टेस्टमध्ये पहिली आलीस आणि काउन्सिलच्या फॉर्मवर त्या शाळेचं नावच नसलं तर शाळा तुला घेऊच शकत नाही, ती दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरी फॉर्म आपल्याच काउन्सिलकडे भरायचा. तुझी आई नसती तर मी एक उत्तम रिझल्ट घेऊन १ मार्चला ऑफरची वाट बघत बसलो असतो.

सप्टेंबरमधल्या त्या टेस्टच्या शनिवारी मी फाइल घेऊन आलो होतो ते आठवतंय का? तुझी सगळी सर्टिफिकेट, क्लबच्या कोचचं पत्र, क्रॉस कंट्रीत तू चिखलात माखलेला तो फोटो, सगळं प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, छातीवर लावायचं ४७ नंबरचं बिब दिलं आणि म्हणाल्या फाइल तुमच्याजवळच ठेवा. आम्ही ते बघत नाही, बघायचं नसतं. मला तेव्हा राग आला. नंतर वाचलं तर ॲडमिशन कोडमध्येच, म्हणजे सरकारच्या प्रवेशाच्या नियमावलीत, आहे की टेस्टने फक्त ॲप्टिट्यूड बघायचं, ॲबिलिटी नाही, म्हणजे तू काय शिकलीस आणि काय जिंकलीस ते नाही तर तुझं शरीर पुढे काय शिकू शकेल ते. विचार केला तर बरोबरच आहे, नाहीतर क्लबची फी भरू शकणाऱ्यांचीच मुलं आत गेली असती. तशीही आत क्लबची जॅकेटं घातलेलीच निम्मी पोरं होती, ते सोड.

आम्हाला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. दाराला छोटी काच होती पण तिच्यापाशी एक उंच बाबा उभे होते ते शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यामुळे मी टेस्ट ऐकली. उभ्याने लांब उडी, जमिनीवर ठेवलेल्या शंकूंमधून वळत पळणं, भिंतीवर बॉल मारून दुसऱ्या हाताने झेलणं, हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा कळलं, बॉल किती वेळा पडला तेही तू हसत हसत सांगितलंस. पण ब्लीप टेस्ट मला कॉरिडॉरमधून ओळखू आली. वीस मीटर जायचं, ब्लीप वाजायच्या आत रेघ गाठायची, परत फिरायचं, सुरुवातीला ताशी साडेआठ किलोमीटर आणि मग साधारण दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. आधी पुष्कळ बूट वाजत होते, मग कमी, मग अजून कमी. शेवटी तीन जोड्या असाव्यात. एक पाय जरा घासत वळत होता. तो तुझा, डावा, मला माहितीय, तुझे डावे शूज बाहेरच्या कडेला झिजतात.

एक गोष्ट मला अजून खटकते. तू २७ ऑगस्टची. इथे शाळेचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, म्हणजे वर्गातल्या धाकट्यात धाकटी तू, आणि शेजारच्या लेनमधली ती ४६ नंबरची सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली निघाली, जवळजवळ पूर्ण वर्षाने मोठी. अकराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय असतं ते बघायला तुम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलात तेवढं पुरे होतं, ती तुझ्यापेक्षा डोकं वर उंच. १९८० च्या दशकात कॅनडात आइस हॉकीवाल्यांच्या जन्मतारखा कुणीतरी तपासल्या तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी निघाली, कारण तिथे कटऑफ १ जानेवारीचा, आणि नंतर कितीतरी खेळांत असंच सापडलं. मोठं पोर निवडलं जातं, निवडलं म्हणून चांगला कोच मिळतो, कोच मिळाला म्हणून खरंच चांगलं होतं. ग्रामर स्कूलच्या, म्हणजे मार्कांवर मुलं घेणाऱ्या शाळांच्या, अकरा प्लस परीक्षेला बहुतेक ठिकाणी वयाप्रमाणे मार्क ॲडजस्ट करतात. या टेस्टला तसं काही नव्हतं, मी ईमेल करून विचारलं, दोन ओळींचं गोड उत्तर आलं.

मधल्या ऑक्टोबरात रिझल्ट आला. या ३१ तारखेच्या आत टेस्टचा रिझल्ट पालकांना कळावा असा शाळांनी प्रयत्न करायचा असतो, म्हणजे फॉर्म भरताना आपण अंधारात नसतो. तुझा नंबर १६. अठरात सोळावी! खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की ही ऑफर नव्हे, पण मी ते वाचलं नाही असं समज. आईने देवापुढे साखर ठेवली. मी ऑफिसमध्ये सांगून टाकलं, आणि तिथल्या एकाने लगेच अक्कल शिकवली की ती शाळा पहिली टाक नाहीतर त्यांना राग येतो. तसं काही नसतं, शाळेला आपला प्रेफरन्स दिसतच नाही. काउन्सिल सगळ्या शाळांच्या याद्या एकत्र करतं आणि ज्या ज्या ठिकाणी नंबर लागतोय त्यातलं आपल्या यादीत सगळ्यात वर असलेलं एकच नाव आपल्याला देतं. म्हणजे क्रम हा शाळेसाठी नसतो, आपल्यासाठी असतो. हे वाक्य मी त्याला फार तोऱ्यात ऐकवलं, स्वतः मात्र नीट ऐकलं नव्हतं.

कारण क्रम आम्ही लावला होता. तुला विचारलंच नव्हतं.

मग परवा गाडीत. पाऊस होता, वायपर किरकिर करत होता, तू मागे बसून केळं खात होतीस आणि म्हणालीस, बाबा, ती शाळा साडेतीनला सुटणार, दोन बस, म्हणजे घरी पावणेपाच, मंगळवारी आणि गुरुवारी ट्रॅकवर पाचला वॉर्मअप असतो, मी जेवणार कधी आणि पोचणार कशी? मी म्हटलं शाळेत पण असेल ना रनिंग. तर तू म्हणालीस, आहे, पण ओपन डेला मी विचारलं, तिथे मुलींना नेटबॉल आणि हॉकी जास्त आहे, रनिंग समरमध्ये. तू विचारलं होतंस! आम्ही सायन्स लॅब बघत होतो तेव्हा. आणि मग अगदी हळू, की टेस्ट मला आवडली, पण तिथे जायला आवडेल का हे मला कुणी विचारलं नाही.

पुढचे दोन सिग्नल मी काहीच बोललो नाही, तुला वाटलं मी रागावलोय. रागावलो नव्हतो, मला एक शब्द आठवत होता. ॲप्टिट्यूडला आपल्याकडे कल म्हणतात, महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायचे ती हीच. पण मराठीत कल म्हणजे नुसतं काय जमतं ते नाही, मन कुठल्या बाजूला झुकतं ते. झाडाचा कल असतो, भिंतीचा असतो. तू किती लांब उडी मारतेस ते त्या टेस्टने सेंटिमीटरमध्ये मोजलं, आणि तिचा काही दोष नाही, तिचं कामच तेवढं. कल बघायचं काम आमचं होतं आणि आम्ही तुझ्या पायांवर घराचं गणित सोडवत बसलो होतो. केवढा विनोद बघ, पळण्यावर मिळालेल्या ॲडमिशनने तुझं पळणंच बंद झालं असतं.

आईला पटवायला आज तीन तास लागले, खोटं कशाला सांगू. तिचं म्हणणं वेडगळ नव्हतं. पळणं उद्या सुटलं तर? घोटा मुरगळला, मन उडालं, चौदाव्या वर्षी मैत्रिणींनी सोडलं म्हणून सोडलं, तर हातात चांगली शाळा तरी राहील. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मी धावपटू मो फराचं उदाहरण दिलं, तो लंडनच्या फेल्थम भागातल्या साध्या शाळेत होता आणि तिथल्या पीई टीचरने, ॲलन वॉटकिन्सनने, त्याचे पाय ओळखले, पुढे २०१२ ला लंडनमध्ये दोन गोल्ड. आई म्हणाली, प्रत्येक बापाकडे एक मो फरा असतो, बाकीच्या हजार पोरांचं कोण सांगतं? बरोबर आहे. मग तिनेच नकाशा उघडला, जवळच्या शाळेचं अंतर परत मोजलं, ०.८ मैल, गेल्या वर्षी त्यांनी १.१ पर्यंत घेतलं होतं, म्हणजे नंबर लागावा, आणि तिथून ट्रॅक चालत बारा मिनिटं. बराच वेळ ती त्या बारा मिनिटांकडे बघत होती. मग म्हणाली, टाक. मी दोन्ही नावांची अदलाबदल केली, जवळची एक नंबरला, लांबची दोन नंबरला. म्हणजे जवळच्या शाळेत नंबर लागला तर सोळावा नंबर आपोआप गेला, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, बहुतेक एकोणिसाव्याला. ते पोर ऑगस्टचं असलं तर मला बरं वाटेल.

कन्फर्मेशनचा ईमेल आलाय, प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. ती सर्टिफिकेटची फाइल वर माळ्यावर टाकू नकोस म्हणाली आई, तुझ्या खोलीतच ठेवतोय. आणि तुझे शूज दारात पडलेत ते आत्ता बघितले, डाव्याची बाहेरची कड पार गेलीय, अंगठा पण टोकाला लागतोय वाटतं, साइज वाढली असणार. शनिवारी जाऊ. मंगळवारी ट्रॅकला मी गाडीतच बसेन, स्टॉपवॉच आणणार नाही.

बाबा