स्टॅट्सच्या सरांना, बॉटनी लॅबमधून

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत. शिवाय विज्ञानाच्या मुलांना स्टॅट्स शिकवायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्याही कामी यातलं काही आलं तर बरंच.

स्टॅट्सचा, म्हणजे संख्याशास्त्राचा, हा पेपर बॉटनी-झूऑलॉजीच्या शिक्षकांच्या गळ्यात पडला की पुढे काय होतं, ते आपण दोघंही जाणतो. मीन, मीडियन, मोड, मग स्टँडर्ड डेव्हिएशनचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं) सूत्र, मग टी-टेस्टचं (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारं), शेवटी टेबल. मुलं गणितं सोडवतात, मार्कही पाडतात आणि प्रोजेक्टच्या वेळी हातात आकड्यांची वही घेऊन येतात: “मॅडम, माझ्या डेटाला कुठली टेस्ट लावू?” प्रश्न काय होता, हे त्या वहीत कुठेच नसतं.

मी तुमच्याकडे सूत्रांचा एखादा सुटसुटीत तक्ता मागायला आले होते. तुम्ही मोजपट्टी आणि एक पान मागितलंत.

तेच एक पान वर्गभर फिरलं. प्रत्येकाने लांबी मोजायची, चिठ्ठीवर लिहायची, शेजाऱ्याला दाखवायची नाही. चिठ्ठ्या उघडल्या तर 7.1 सेंमीपासून 8.4 सेंमीपर्यंत सगळं होतं! 8.4 वालीने देठासकट मोजलं होतं. देठ धरायचा की नाही, यावर वर्गात जी जुंपली, ती तुम्ही मुद्दाम थांबवली नाहीत. देठ सोडून मोजायचं असं ठरल्यावर आकडे जवळ आले, पण एक काही झाले नाहीत. मग प्रत्येकाला त्याच झाडाचं वेगळं पान दिलंत आणि फळ्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी काढल्यात. एका ओळीतला पसारा आपल्या हातांचा आणि डोळ्यांचा. दुसरीत त्यावर झाडाचा स्वतःचा चढलेला. स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द तुम्ही त्यानंतर काढलात, आणि ‘हे कशाला शिकायचं’ असं कुणी विचारलं नाही.

पण माझं मन जिंकलं ते पत्त्यांनी. आठ रोपं, चारांना खत, चारांना नाही. खतवाल्यांची उंची 14, 17, 18, 19 सेंमी, बाकीच्यांची 12, 13, 15, 16. सरासरीत फरक 3 सेंमी. मुलं म्हणाली, खत लागू पडलं. तुम्ही आठ उंच्या आठ कार्डांवर लिहायला लावल्यात आणि म्हणालात, खताने काहीच होत नाही असं धरा, मग कुठलं कार्ड कुठल्या गटात याला अर्थ उरत नाही; पिसा आणि चार-चार वाटा. प्रत्येक वाटणीचा फरक फळ्यावर ठिपका म्हणून जात होता. तासाच्या शेवटी तुम्ही हिशेब मांडलात: आठातून चार निवडायचे 70 मार्ग, त्यातल्या 4 वाटण्यांत खतवाला गट 3 सेंमी किंवा त्याहून जास्त पुढे निघतो. उलट दिशेचा फरकही धरला तर 8, म्हणजे 11 टक्क्यांच्या आसपास. पी-व्हॅल्यू, म्हणजे खताने काहीच होत नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, फळ्यावर आली ती अशी, मोजून. त्याच आकड्यांवर टी-टेस्ट लावली तर टी 2.12 येतो आणि 6 डिग्रीज ऑफ फ्रीडमला (आठ रोपं वजा दोन गट) टेबल मागतं निदान 2.447. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या: हा फरक योगायोगाचा नाही, असं म्हणायला पुरावा अपुरा.

“मग सर, खत लागू पडलं की नाही?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. तुम्ही म्हणालात, “एवढ्या रोपांवरून सांगता येत नाही. हेही उत्तरच आहे.” मुलांना ते मुळीच आवडलं नाही. मला फार आवडलं.

नंतर तुम्हीच सांगितलंत की ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेटनेही 1908 च्या आपल्या निबंधासाठी 3000 माणसांची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, पिसून, चार-चारचे 750 नमुने काढले होते. गिनेस ब्रुअरीतला माणूस, छोट्या नमुन्यांनी गांजलेला. टी-टेस्टमागे असा खटाटोप होता, हे कळल्यापासून मुलं ‘टी’ला जरा आपला मानतात.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं अजून जमलेलं नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन हाताने काढून घेऊच नये, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पाच आकडे घेऊन एकदा तरी प्रत्येकाने ते काढावं. सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग केल्यावर लांबचा एकच आकडा केवढा भाव खाऊन जातो, ते बोटांना कळतं. बाकी स्प्रेडशीट आहेच.

एका कुंडीतल्या एकाच झाडाची तीस पानं म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीस नव्हे, हा तुमचा हट्ट आता प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत माझा झालाय. परिस्थितिकीतज्ज्ञ हर्लबर्टने 1984 मध्ये ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (एकाच नमुन्याची अनेक मापं स्वतंत्र म्हणून मोजणं) म्हणून ज्याची झाडाझडती घेतली, ते आमच्या लॅबमध्ये ‘एकाच कुंडीची भानगड’ या नावाने ओळखलं जातं. आणि आलेखात ± दिसला की मुलंच विचारतात, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) की एसई (स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता)? 25 रोपांत एसडी 10 असेल तर एसई 2 च भरतो (10 भागिले 25 चं वर्गमूळ); काय काढलंय ते लिहिलं नाही, तर त्या रेघेचा काही भरवसा नाही.

आता एक काम. झूऑलॉजीच्या मॅडमना ‘आधी आणि नंतर’चा डेटा शिकवायचाय, त्याच प्राण्यांची दोनदा घेतलेली मापं. तिथे कार्डं पिसून चालणार नाही, जोड्या फुटतील. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवून फरकाचं चिन्ह बदलायचं, असं मला सुचलंय. बरोबर आहे का, ते कळवा. आणि शक्य असेल तर त्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसा.

आपली,
बॉटनी लॅबवाली